वायफाय जोडलंय पण इंटरनेट नाही: लॅपटॉप फॉरमॅट मारण्याआधी काय तपासावं

प्रश्न केज तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. घरात केबलवाल्याचं फायबर कनेक्शन आहे. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या, संध्याकाळभर लाईट येत-जात राहिली. तेव्हापासून विंडोज १० चा लॅपटॉप वायफायला जोडला जातो, पण ‘नो इंटरनेट’ दाखवतो. मोबाइल मात्र त्याच वायफायवर चालतो. तालुक्याच्या दुकानात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं सांगितलं. मुलीच्या प्रवेशअर्जाची मुदत दोन दिवसांवर आली आहे.

फॉरमॅट मारू नका, निदान आत्ता तरी. दोष राउटरमध्ये, केबलमध्ये, वायफाय कार्डात किंवा घड्याळात असेल तर फॉरमॅटने तो जाणार नाही. उलट नव्या विंडोजमध्ये वायफायचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नसेल तर तो उतरवून घ्यायलाही इंटरनेट लागेल आणि अडचण दुप्पट होईल. घरातले फोटो, दाखले, जुन्या फाइली जातात ते वेगळंच.

आधी अर्जाचं काम मार्गी लावा. मोबाइलची डेटा केबल लॅपटॉपला लावा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट अँड टेदरिंग उघडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉप या केबलला लॅनची केबल समजतो, त्यामुळे वायफाय कार्ड मेलेलं असलं तरी इंटरनेट मिळतं. टेदरिंगचा पर्याय राखाडी राहिला तर दोनच गोष्टी पाहा: केबल फक्त चार्जिंगची असेल (स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात), किंवा मोबाइलचा ‘डेटा सेव्हर’ चालू असेल. तो बंद करा. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये हे कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवा, नाहीतर विंडोजचे अपडेट मागच्या मागे दिवसाचा डेटा संपवतात. बऱ्याच प्लॅनमध्ये त्यानंतर वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि अर्जाचं पान अर्ध्यात लटकतं.

आता मूळ दुखण्याकडे. ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी पोचलं नाही तर शेतकरी थेट मोटार बदलत नाही. तो फिल्टर, व्हॉल्व्ह, उपनळी असा पाहत जातो. इथेही मार्ग तसाच आहे: बाहेरची फायबर लाइन, घरातली ओएनटीची डबी (फायबरमधला प्रकाश राउटरला समजेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी), राउटर, हवेतलं वायफाय, लॅपटॉपचं कार्ड, विंडोज, ब्राउझर. दोष कुठल्या टप्प्यावर आहे हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका. पाच सेटिंग एकदम बदलल्या तर कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं, काहीच कळत नाही.

‘मोबाइल चालतो’ हे आधी नीट तपासा

हा पुरावा अनेकदा खोटा निघतो. वायफायला इंटरनेट नसेल तर ॲन्ड्रॉइड मोबाइल गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि वर वायफायचं चिन्ह तसंच दिसत राहतं. म्हणून मोबाइलचा एरोप्लेन मोड चालू करा, मग फक्त वायफाय चालू करा आणि आधी कधी न उघडलेली एखादी वेबसाइट उघडा. नेहमीची पानं साठवलेली असतात, ती फसवतात. पान उघडलं नाही तर लॅपटॉप निर्दोष आहे, खोट राउटर किंवा लाइनमध्ये आहे. लाइनबद्दल पुढे लिहिलं आहे, तिकडे जा.

पान उघडलं तर दुसरी चाचणी घ्या. मोबाइलचा वायफाय हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. हॉटस्पॉटवर चालतो आणि घरच्या वायफायवर नाही, असं असेल तर कार्ड आणि ब्राउझर ठीक आहेत. या लॅपटॉपचं आणि त्या राउटरचं जमत नाही. हॉटस्पॉटवरही नाही पण यूएसबी टेदरिंगवर चालतो, तर वायफाय कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा त्यात हाताने भरलेला आयपी पत्ता (नेटवर्कवर लॅपटॉपची ओळख असलेला आकडा) संशयित आहे. दोन्हीवर नाही, तर विंडोजच्या आत काहीतरी आहे: प्रॉक्सी किंवा व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणाऱ्या सोयी), अँटिव्हायरस किंवा घड्याळ. या एवढ्या चाचणीने शोध एका कोपऱ्यात येतो.

शट डाउन आणि रीस्टार्ट एक नव्हे

विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुतेक लॅपटॉपवर चालूच असते. शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. अडकलेला वायफाय ड्रायव्हर मग बंद-चालू करूनही अडकलेलाच राहतो. रीस्टार्टमध्ये हे होत नाही. म्हणून रीस्टार्टच करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा.

बॅटरी संपलेले जुने लॅपटॉप आपल्याकडे सर्रास थेट प्लगवर चालवले जातात. लाईट गेली की ते धाडकन बंद पडतात आणि कार्ड अर्धवट अवस्थेत अडकतं. त्यावर उपाय असा: लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत उरलेला करंट निघून जातो. मग फक्त चार्जर लावून चालू करा. वायफायचा पर्यायच गायब झाला असेल तेव्हा हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

राउटरही नीट बंद-चालू करा. ओएनटी आणि राउटर दोन्हींची पॉवर काढा आणि दोन मिनिटं थांबा. आधी ओएनटी लावा, तिचा ‘पॉन’ दिवा स्थिर झाला की राउटर लावा. दोन्ही एकाच डबीत असतील तर हा क्रम लागत नाही. मागचं बारीक रिसेटचं भोक मात्र टोचू नका. त्याने केबलवाल्याने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि मग मोबाइलही बंद पडतो.

दोन ओळी वाचायला शिका

विंडोजचं बटण दाबून सी-एम-डी ही अक्षरं इंग्रजीत टाइप करा, एंटर द्या. काळी चौकट उघडेल. तिथे आयपीकॉन्फिग (आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी, सगळं जोडून) लिहून एंटर द्या. खूप ओळी येतील. ‘वायरलेस लॅन ॲडॅप्टर वायफाय’ या शीर्षकाखालच्या दोनच ओळी महत्त्वाच्या: ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ (लॅपटॉपचा पत्ता) आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ (राउटरचा पत्ता).

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर निदान तिथेच झालं. राउटरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून विंडोजने तो स्वतःच्या मनाने घेतला आहे. वायफायचे दांडे पूर्ण दिसतील, पण इंटरनेट येणार नाही. प्रश्नातल्या परिस्थितीत मला आधी हाच संशय आहे. आयपीकॉन्फिगपुढे जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि तिला जोडून ‘रिलीज’ (आर-ई-एल-ई-ए-एस-ई) लिहा, एंटर द्या. मग तसंच ‘रिन्यू’ (आर-ई-एन-ई-डब्ल्यू). पत्ता मिळाला तर काम झालं. नाही मिळाला तर ‘फर्गेट’ करून वायफाय विसरायला लावा आणि पासवर्ड नव्याने द्या. तरीही नाही, तर राउटरच्या पानात जाऊन (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, पासवर्ड डबीच्या तळाला चिकटवलेला असतो) दोन गोष्टी पाहा. पहिली, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) चालू आहे का आणि त्याचा पत्त्यांचा पट्टा किती मोठा आहे. काही ठिकाणी तो दहा पत्त्यांचाच ठेवलेला असतो. घरातले मोबाइल, टीव्ही, कॅमेरा आणि शेजाऱ्यांचे दोन मोबाइल धरले की अकराव्याला जागा नसते. दुसरी, मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणं अडवणारी यादी) किंवा ‘ब्लॉक्ड डिव्हाइसेस’च्या यादीत तुमचा लॅपटॉप अडकलेला आहे का.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो, पण गेटवेची ओळ रिकामी आहे किंवा तिथे राउटरचा नाही असा आकडा आहे, तर कुणीतरी पत्ता हाताने भरलेला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सेवा केंद्रात लॅपटॉप वापरला असेल तर असं हमखास होतं. सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘आयपी असाइनमेंट’ आहे. एडिट दाबून ते ‘ऑटोमॅटिक डीएचसीपी’ करा.

आणखी एक गुंता लाईटच्या ये-जामुळे होतो. राउटर अचानक बंद पडला की कुणाला कुठला पत्ता दिला याची त्याची यादी पुसली जाऊ शकते. टीव्ही किंवा मोबाइल जुना पत्ता धरून बसलेला असतो आणि राउटर तोच पत्ता लॅपटॉपला देऊन बसतो. मग एक चालतं तेव्हा दुसरं अडतं. घरातली सगळी जोडलेली उपकरणं एकदा बंद करून राउटर चालू झाल्यावर एकेक चालू केली की हे सुटतं. सिग्नल वाढवायला दुसरा जुना राउटर लावला असेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदला. दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वर बसले की घरभर गोंधळ होतो, आणि तो कधी दिसतो, कधी नाही.

पत्ता ठीक दिसत असेल तर पिंग करा. पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून उत्तर येतं का पाहणं. त्याच काळ्या चौकटीत पिंग (पी-आय-एन-जी) लिहून, जागा सोडून गेटवेचा आकडा द्या. उत्तर आलं तर राउटरपर्यंतचा रस्ता साफ आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर वायफायचा दुवा कच्चा आहे, किंवा अँटिव्हायरसची फायरवॉल अडवते आहे. मग पिंग ८.८.८.८ करा. हा गूगलचा सर्व्हर आहे. इथून उत्तर आलं तर इंटरनेट लॅपटॉपपर्यंत पोचलेलं आहे, ‘नो इंटरनेट’ काहीही म्हणो. शेवटी आकड्याऐवजी एखाद्या वेबसाइटचं नाव देऊन पिंग करा. आकड्याला उत्तर आणि नावाला ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ असेल तर बिघाड डीएनएसचा आहे, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणारी सेवा बंद आहे. जिथे ‘आयपी असाइनमेंट’ बदलता येतं तिथेच डीएनएस हाताने भरता येतो: पहिला ८.८.८.८, दुसरा १.१.१.१. नंतर आयपीकॉन्फिग, जागा, तिरपी रेघ आणि ‘फ्लशडीएनएस’ (एफ-एल-यू-एस-एच-डी-एन-एस) जोडून लिहा, म्हणजे चुकीचे साठलेले पत्ते पुसले जातात. डीएनएसच्या जागी आधीच कुठलातरी अनोळखी आकडा भरलेला सापडला, तर तो कुणी भरला ते शोधा. लॅपटॉपमध्ये शिरलेलं घाणेरडं सॉफ्टवेअर हेच करतं.

‘नो इंटरनेट’ ही पाटी कशी ठरते तेही माहीत असावं. विंडोज स्वतः मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटी मजकुराची फाइल मागवतं. ती आली नाही की पाटी लागते. व्हीपीएन, अँटिव्हायरस किंवा डीएनएसने तेवढीच फाइल अडवली तर पाटी खोटी असते आणि ब्राउझर मजेत चालतो. म्हणून पाटीवर नव्हे, पिंगवर भरवसा ठेवा.

पिंग चालतो, पान उघडत नाही

सगळ्यात आधी घड्याळ पाहा. खालच्या कोपऱ्यातली तारीख चुकीची असेल तर सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला मुदतबाह्य किंवा अजून लागू न झालेलं वाटतं, आणि ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असं येतं. सरकारी अर्जांची पानं इथेच अडतात. जुन्या लॅपटॉपची मुख्य बॅटरी गेलेली असते, त्यात मदरबोर्डवरचा बटणसेलही संपतो. मग लाईट गेली की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. सेटिंगमधून तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करा, टाइम झोन भारताचा म्हणजे यूटीसी अधिक ५:३० आहे ना ते पाहा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. दर वेळी तारीख मागे जात असेल तर सेल बदला. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो, पण अनेकदा तारा आणि छोट्या पिनसह प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. नुसता सेल आणून तारा डाग देऊन जोडू नका. सेल तापला तर फुटू शकतो. तारांसह तयार मिळतो तोच घ्या.

घड्याळ बरोबर असेल तर सेटिंग्जमधलं ‘प्रॉक्सी’ उघडा. ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू असेल आणि तुम्ही तो मुद्दाम भरला नसेल तर बंद करा. फुकटचं व्हीपीएन टाकलं असेल तर ते काढूनच टाका. काही व्हीपीएन बंद केल्यावरही दरवाजा अडवून ठेवतात. मुदत संपलेला अँटिव्हायरस हाही मोठा दोषी असतो. त्याची फायरवॉल अर्धवट चालू राहते. तो अनइन्स्टॉल करा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो.

काही वेबसाइट झटकन उघडतात आणि काही अनंतकाळ फिरत राहतात, असं असेल तर एमटीयू पाहा. युजरनेम-पासवर्डवर चालणाऱ्या पीपीपीओई कनेक्शनमध्ये डेटाच्या एका पाकिटाची कमाल लांबी, म्हणजेच एमटीयू, १५०० ऐवजी १४९२ असते. राउटरमध्ये ती १५०० राहिली तर मोठी पाकिटं वाटेत अडू शकतात. राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) सेटिंगमध्ये १४९२ करा.

लॅपटॉपवर अजून विंडोज ७ असेल तर त्याला आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची शेवटची चालणारी आवृत्ती १०९ आहे, त्यामुळे बरीच नवी पानं मोडकी दिसतात किंवा उघडतच नाहीत. विंडोज १० चाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याने इंटरनेट बंद पडत नाही, पण ब्राउझर आणि डिफेंडर अद्ययावत ठेवणं आता जास्त गरजेचं आहे.

वायफायचं नावच दिसत नसेल तर

इथे आपली घरं आडवी येतात. जुन्या माळवदाच्या घरात पांढऱ्या मातीच्या आणि दगडाच्या भिंती दोन-दोन हात जाड असतात. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अशा भिंतीतून जवळपास जात नाही, २.४ गिगाहर्ट्झ त्यातल्या त्यात जातं. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि पत्रा यांच्या आड राउटर ठेवला तर तोही अडतो. राउटर मधल्या खोलीत, उघड्या जागी, डोक्याच्या उंचीवर ठेवा. पत्र्याला चिकटून फळीवर ठेवू नका. बहुतेक घरगुती राउटरचं कामाचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे बाहेरच पारा ४२-४३ च्या वर जातो, पत्र्याखाली तर आणखी. दुपारी इंटरनेट तुटतं आणि रात्री आपोआप चालतं, हे लक्षण उष्णतेचं समजा.

जुन्या लॅपटॉपच्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झ मुळातच समजत नाही. काळ्या चौकटीत ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ (एन-ई-टी-एस-एच, डब्ल्यू-एल-ए-एन, मग एस-एच-ओ-डब्ल्यू, मग डी-आर-आय-व्ही-ई-आर-एस) लिहिलं की ‘रेडिओ टाइप्स सपोर्टेड’ ही ओळ येते. त्यात फक्त बी, जी, एन असेल आणि ए किंवा एसी नसेल तर कार्ड एकाच बँडचं आहे. राउटरमध्ये २.४ चा बँड चालू करा आणि दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसत नाही त्याचंही कारण बहुतेक हेच असतं: हॉटस्पॉटचा बँड ५ वर असतो, तो २.४ करा.

चॅनेलही पाहा. २.४ मध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा. भारतात १ ते १३ चालतात, पण परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतून आणलेल्या काही कार्डांना १२ आणि १३ दिसत नाहीत. वायफायची सुरक्षा फक्त नव्या डब्ल्यूपीए३ पद्धतीवर ठेवली असेल तर जुनी कार्डं बरोबर पासवर्ड देऊनही जोडली जात नाहीत. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचं मिश्र ठेवा. इंटेलच्या जुन्या कार्डांचा जुना ड्रायव्हर असेल तर नव्या वायफाय ६ राउटरचं नावच यादीत येत नाही. शेजारचं वायफाय दिसतं आणि आपलं नाही. ड्रायव्हर नवा टाकला की दिसू लागतं. तोपर्यंत राउटरमध्ये ‘एएक्स’ मोड बंद करून चालवता येतं.

कार्ड गेलं का हे ओळखणं

विंडोजच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘नेटवर्क ॲडॅप्टर्स’ पाहा. वायफाय कार्डावर खाली वळलेला बाण असेल तर ते नुसतं बंद आहे. राइट क्लिक करून एनेबल करा. पिवळं चिन्ह असेल तर प्रॉपर्टीजमध्ये कोड वाचा. कोड १० किंवा ४३ म्हणजे कार्ड सुरू होत नाही. वर सांगितलेला ३० सेकंदांचा उपाय करा, मग कार्ड ‘अनइन्स्टॉल’ करून रीस्टार्ट करा, विंडोज ते पुन्हा शोधून घेतं. ड्रायव्हर काढून टाकण्याचा चौकोन टिक करू नका, जोवर नवा ड्रायव्हर हाताशी नाही. त्याच प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब असेल तर ‘अलाउ द कॉम्प्युटर टु टर्न ऑफ’वरची टिक काढा. झोपेतून उठल्यावर वायफाय तुटत असेल तर दोष बहुतेक इथेच असतो.

कार्ड यादीत कुठेच नसेल, ३० सेकंदांनंतरही नसेल, तर ते सैल झालं आहे किंवा गेलं आहे. बदलायचं असेल तर तीन गोष्टी विचारूनच घ्या. लॅपटॉपचं कार्ड निघणारं आहे का? पातळ लॅपटॉपमध्ये ते बोर्डलाच डाग दिलेलं असतं. आकार कोणता? आता बहुतेकदा एम.२, २२३० असतो. आणि कार्ड साधं आहे की इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरबरोबरच चालणारं? इंटेलचं एएक्स२०१ एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल लॅपटॉपमध्ये चालत नाही, एएक्स२१० मात्र साध्या एम.२ जागेत चालतं. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस कंपनीच्या यादीतली कार्डंच स्वीकारतं आणि दुसरं लावलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही. ॲन्टेनाच्या दोन बारीक तारांच्या टोप्या नाजूक असतात, सरळ वर उचला, तिरक्या ओढू नका.

एवढा खटाटोप नको असेल तर यूएसबीचा वायफाय डोंगल लावा. दोन बँडचा, एसी किंवा एएक्स मानकाचा घ्या. नखाएवढे एकाच बँडचे डोंगल जाड भिंतीच्या घरात कुचकामी ठरतात.

वीज, विजा आणि लाइन

एरोप्लेन मोडच्या चाचणीत मोबाइलही नापास झाला असेल तर ओएनटीचे दिवे पाहा. ‘पॉन’ स्थिर हिरवा आणि ‘लॉस’ बंद असेल तर फायबरमध्ये प्रकाश येतो आहे. अशा वेळी इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल असेल तर अडचण युजरनेम-पासवर्डची, संपलेल्या रिचार्जची किंवा केबलवाल्याच्या टोकाची असते. ‘लॉस’ लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली असेल, वानरांनी खांबावरची केबल ओढली असेल किंवा घरात कपाटामागे केबल दुमडली असेल. घरातली फायबर मुठीएवढ्या गोलाईपेक्षा जास्त वळवू नका. तिचं टोक काढून डोळ्यांसमोर धरू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला अपाय करतो. माणूस दुरुस्तीला आला की मीटरवरचा आकडा विचारा. सर्वसाधारणपणे वजा ८ ते वजा २७ डीबीएमच्या आत हवा. वजा २७ च्या जवळ असेल तर आज चालेल आणि पावसात बंद पडेल, म्हणून जोड नव्याने करून मागा.

दिवे लागतात पण डबी दर काही मिनिटांनी स्वतःच चालू-बंद होते, हे लक्षण ॲडॅप्टर अशक्त झाल्याचं असतं. डबीवर लिहिलेलं व्होल्ट तंतोतंत जुळवा. १२ व्होल्टच्या डबीला ९ चा लावू नका आणि ९ च्या डबीला १२ चा तर मुळीच नाही. अँपिअर लिहिल्याइतके किंवा जास्त चालतात. लाईट सतत जात असेल तर डबीच्याच व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस लावणं चांगलं.

विजेचा मार महत्त्वाचा आहे. फायबर काचेची असते, तिच्यातून करंट येत नाही. पण अनेक गावांत केबलवाल्याचं फायबर खांबावरच्या पेटीपर्यंतच असतं आणि तिथून घरात तांब्याची लॅन केबल येते. वीज जवळ कोसळली की करंट त्या तारेतून राउटरच्या वॅन पोर्टमध्ये शिरतो. वायफाय दिसत राहतं, बाहेरचं इंटरनेट येत नाही, आणि पोर्टचा बारीक दिवा लागत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये तात्पुरतं दुसऱ्या पोर्टला वॅन करता येतं का ते पाहा, नाहीतर राउटर बदला. राउटरपासून लॅपटॉपला लॅन केबल लावलेली असेल तर लॅपटॉपचं पोर्टही जातं. विजा कडाडू लागल्या की फक्त बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि बाहेरून येणारी तांब्याची केबलही काढा.

डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरातला दाब २३० वरून कितीतरी वर जाऊन ॲडॅप्टर पहिल्यांदा जळतात. अशा वेळी बल्ब डोळे दिपवण्याइतके प्रखर होतात. ते दिसताच मेन स्विच बंद करा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला तर सर्ज प्रोटेक्टर लावूनही जादा करंटला जमिनीत उतरायला वाट नसते. खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

लॅन केबल उंदरांनी कुरतडली असेल तर टोकं पुन्हा बसवून घ्या. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

शेवटचा उपाय

सगळं पाहून दोष विंडोजच्या आतच आहे अशी खात्री झाली तर काळी चौकट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. ‘नेटएसएच विनसॉक रिसेट’ (एन-ई-टी-एस-एच, डब्ल्यू-आय-एन-एस-ओ-सी-के, आर-ई-एस-ई-टी) आणि ‘नेटएसएच आयएनटी आयपी रिसेट’ (मधले शब्द आय-एन-टी, आय-पी) या दोन आज्ञा द्या, रीस्टार्ट करा. त्यानंतरही नाही तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटखाली ‘नेटवर्क रिसेट’ आहे. वायफायचा पासवर्ड आधी कागदावर लिहून घ्या, कारण सगळे साठवलेले पासवर्ड पुसले जातात. व्हीपीएन असेल तर तेही नव्याने बसवावं लागतं. फाइलींना मात्र धक्का लागत नाही. फॉरमॅटने नेटवर्कचं जे बरं होईल ते बहुतेक सगळं इथेच बरं होतं.

हेही करून चाललं नाही तर पुन्हा विचारताना इतकं लिहून पाठवा: लॅपटॉपचं मॉडेल, आयपीकॉन्फिगमधले पत्ता आणि गेटवे, तिन्ही पिंगांची उत्तरं, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड असेल तर तो, यूएसबी टेदरिंगवर चालतो की नाही, आणि ओएनटीचे कोणते दिवे कोणत्या रंगात लागले आहेत. एरोप्लेन मोडमध्ये मोबाइल पास झाला की नापास, हे सगळ्यात आधी लिहा.